सातबारा माझा, बहर काकाजींचा

भंडारा जिल्ह्यात माणसाची पत तो पाणी किती नीट अडवतो यावरून ठरते. हा तलावांचा जिल्हा. वाहतं पाणी दिसलं की त्याच्यापुढे पाळ घालायची, ही इथली जुनी खोड. कोहळी मंडळींनी शेकडो वर्षांपूर्वी तलाव बांधून ती लावली आणि ती अजून गेलेली नाही. तलावात मावलं नाही ते पाणी बोडीत, बोडीत मावलं नाही ते धानाच्या बांधीत. बोडी म्हणजे छोटा तलाव, आणि बांधी म्हणजे चारी अंगांनी धुरा घातलेला, पाणसळ लावून पाहावी इतका सपाट तुकडा. तुमसरच्या राइस मिलांमधून पॉलिश होऊन निघणारा दाणा अशा सपाटीवरच मोठा झालेला असतो. सपाट जमीनवाल्याच्या घरी मुलगी द्यायची तर इथे फार चौकशा करत नाहीत.

अशा मुलखात निवृत्तीनंतर मी उतारावर घर बांधलं. तुमसरहून उत्तरेला निघालं की गायमुख-अंबागडच्या अंगाला सातपुड्याच्या शेवटच्या पहाड्या लागतात. त्यांतल्या एकीच्या कमरेवर माझा प्लॉट आहे. तुमसरात ही बातमी पोचली तेव्हा एका जुन्या सहकाऱ्याने काळजीने विचारलं, "गुरुजी, प्लॉट पाहायला गेलात तेव्हा तुम्ही उभे होते की आडवे?"

मी सरळ उभा होतो. मला फुलांची बाग करायची होती, आणि फुलांना उतारासारखी जागा नाही हे माझं मत तेव्हाही होतं, आजही आहे. सपाट बागेत पुढच्या झाडामागे मागचं दडतं. उतारावर शेवटच्या रांगेतली शेवंतीसुद्धा पाहुण्याच्या नजरेला नजर देते. शिवाय मी जन्मभर शाळेत भूगोल शिकवलेला. 'जमिनीची धूप : कारणे व उपाय' हा धडा इतक्या तुकड्यांना शिकवलाय की झोपेत उठवून सांगितलं तरी मी समतल चर खोदीन. उताराला आडव्या पायऱ्या पाडायच्या, प्रत्येक पायरीला दगडांची ताल रचायची. वर तेरडा, मध्ये झेंडू, कुंपणाला गुलबक्षी, कोपऱ्यात पारिजातक, दाराशी मोगरा. बारा महिन्यांचा नकाशा मी वहीत रंगीत पेन्सिलींनी काढला होता. भाद्रपद गुलाबी, आश्विन केशरी, मार्गशीर्ष पिवळा. आमच्या सौभाग्यवतींनी तो पाहिला आणि विचारलं, "यात नळ कुठाय?"

नळ नव्हता. आणि खालचे काकाजीही नव्हते.

उतार जिथे संपतो आणि जग पुन्हा शहाण्यासारखं सपाट होतं, तिथे कुंपणापलीकडे काकाजींचं घर आहे. घरापुढे बांधी, बांधीत धान, धुऱ्यावर तूर. फूल या वस्तूशी त्यांचा संबंध अंगणातल्या तुळशीच्या मंजिरीपुरता. आम्ही राहायला आलो त्या दिवशी ते कंबरेवर हात ठेवून माझ्या पायऱ्यांकडे बराच वेळ पाहत उभे होते. मग म्हणाले, "बेस हाये. पानी सारं आमच्याकडं येईन." मला वाटलं, तक्रार करताहेत. मी दिलगिरी व्यक्त करू लागलो तर हाताने थांबवून म्हणाले, "येऊ द्या ना, गुरुजी. वरच्या बांधीचं पानी खालच्यानं घ्याचंच असते."

आमच्याकडे वर्षाला बाराशे-तेराशे मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर. हा आकडा मी फळ्यावर कितीदा लिहिला असेन. पण उतारावर राहून पाहिल्याशिवाय मिलिमीटर म्हणजे काय ते कळत नाही. पहिलीच झड लागली आणि वरच्या पायरीची माती मधल्या पायरीवर आली, मधलीची खालच्या पायरीवर, खालचीची काकाजींकडे. काकाजींची कुठे गेली? कुठेच नाही. त्यांच्याकडे धुरा आहे.

मातीबरोबर बी गेलं. यात मला बियांचाच दोष दिसतो. तेरड्याचं बोंड पिकलं की हात लावायची खोटी, फटकन उकलून बी उडवतं. सपाट जमिनीवर ते बी चहूकडे उडतं. उतारावरही चहूकडेच उडतं, पण पुढच्या सरीला सगळं एकमताने खाली जातं. गुलबक्षीचं बी काळं, गोल आणि टणक. त्याला पावसाचीही गरज नाही, वाऱ्याने झाड हललं तरी ते निघतं. झेंडूचं बी हलकं, त्यामुळे ते पाण्याच्या तवंगावर बसून जातं आणि धुऱ्याशी आलं की उतरतं. माझ्या बागेतलं एकही बी वरच्या दिशेने गेल्याचं मला आठवत नाही.

पुढच्या श्रावणात काकाजींचा धुरा फुलला. फुलला म्हणजे किती? तुरीच्या रोपांना उभं राहायला जागा नव्हती. गुलाबी तेरडा, जांभळा तेरडा, पांढरा तेरडा. मध्ये गुलबक्षीची झुडपं. दसऱ्याच्या तोंडावर तर झेंडूने बांधीला असा काठ भरला की पैठणीवाल्याने येऊन माप घ्यावं. माझ्या पायऱ्यांवर त्या वेळी मुरूम होता, सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून केलेली डागडुजी होती आणि तेरड्याचं एक रोप होतं. ते दगडात अडकल्यामुळे जाऊ शकलं नव्हतं.

नागपूरचे पाहुणे नेमके तेव्हाच आले. संध्याकाळची वेळ, गुलबक्षी उमललेली. मी ओट्यावर उभा राहून आराखडा समजावत होतो आणि पाहुणे माझ्या खांद्यावरून खाली पाहत होते. "वा! ही बाग कोणाची हो?" मी म्हटलं, "माझीच." मग त्यांनी काकाजींना हाक मारून विचारलं, "काय खत घालता?" काकाजी खरं बोलणारा माणूस. म्हणाले, "मी काई नाई केलो. आपोआप आलं." पाहुण्यांना त्यांचा हा विनय इतका आवडला की जाताना त्यांच्यासोबत फोटो काढून गेले. फोटोत मागे माझ्या घराची मोरी आली आहे.

भाद्रपद-आश्विनात आमच्याकडे फुलांची मागणी एकदम चढते. हरतालिकेला बायकांना पत्री हवी, महालक्ष्म्यांना हार हवेत, भुलाबाईपुढे पोरींना रोज ओंजळभर काहीतरी हवं. या सगळ्या माझ्या दारावरून जातात. जाताना "कसे आहात गुरुजी" विचारतात आणि खाली उतरतात. काकाजी धुऱ्यावर उकिडवे बसून, नाडीपरीक्षा करावी तशा गंभीर चेहऱ्याने फुलं तोडून देतात. महालक्ष्म्यांच्या जेवणाला त्यांना घरोघरी बोलावणं असतं. मलाही असतं, पण माझ्या ताटाशेजारी बसलेल्या बाई काकाजींच्याच झेंडूबद्दल बोलतात.

पारिजातकाच्या बाबतीत तर काही बोलायची सोय नाही. सत्यभामेने हट्ट करून पारिजातक आपल्या अंगणात लावून घेतला आणि फुलं पडली रुक्मिणीच्या अंगणात, ही गोष्ट लहानपणी ऐकताना आपण सगळे रुक्मिणीच्या बाजूने असतो. सांगणारे कीर्तनकारही तिच्याच बाजूने. मी आता पक्ष बदलला आहे. सत्यभामेने खड्डा खणला असेल, पाणी घातलं असेल, वाळवी लागली तेव्हा काहीतरी केलं असेल. रुक्मिणीने काय केलं? झोपून उठली. भक्ती वगैरे ठीक आहे. पण भूगोलाच्या शिक्षकाला पहिला प्रश्न पडतो तो असा, की दोघींच्या महालांमध्ये उतार कोणत्या बाजूला होता? हे एकदा कुणीतरी द्वारकेला जाऊन पाहायला पाहिजे. माझ्या पारिजातकाची फुलं पहाटे गळतात, ओल्या पायरीवरून सरकतात, पन्हाळीत पडतात आणि उजाडेपर्यंत काकाजींच्या तुळशीशी पोचलेली असतात. काकू ती परडीत भरून महादेवाला नेतात. गावात सगळ्यांना माहीत आहे की काकूंच्या घरी पारिजातक आहे.

मी ताल उंच करायचं ठरवलं. त्यासाठी दगड हवे होते आणि गुलाबांसाठी खड्डेही हवे होते, म्हणून दिवाळीनंतर टिकास-सब्बल घेऊन मधली पायरी खोदायला घेतली. हातभर खाली काळा दगड लागला. काळा, चमक मारणारा आणि उचलायला गेलं तर शेजारच्या दगडाच्या दीडपट जड. ज्याचं बालपण तुमसर तालुक्यात गेलं त्याच्या छातीत अशा वेळी काय होतं हे बाहेरच्याला कळणार नाही. चिखला आणि डोंगरी बुजुर्ग या मँगनीजच्या खाणी इथल्याच. डोंगरी बुजुर्गचं मँगनीज टॉर्चच्या सेलमध्ये जातं, तुमसर रोडहून तिरोडीकडे जाणारा रेल्वेचा फाटा या खाणींच्याच मुलखातून जातो. फर्मर नावाच्या इंग्रज भूवैज्ञानिकाने १९०९ मध्ये हिंदुस्थानातल्या मँगनीजवर भलामोठा ग्रंथ लिहिला आणि इकडच्या एका मँगनीजयुक्त खडकाला गोंड लोकांवरून 'गोंडाइट' असं नाव दिलं. हे सगळं मला पाठ होतं. हे पाठ असणं आणि दगड आपल्या गुलाबाच्या खड्ड्यात सापडणं, यांत फार अंतर आहे.

दुपारपर्यंत अर्धा गाव जमला. कुणी दगड हुंगला, कुणी नखाने खरवडला. खाणीतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांना मुद्दाम बोलावून आणलं. त्यांनी दगड हातात घेतला, थुंकी लावून पुसला, उन्हात धरला आणि खाली टाकला. "गोटा हाये. वजनदार गोटा."

गर्दी पांगली. काकाजी मात्र खाली कुंपणापलीकडे थांबले. म्हणाले, "जाऊ द्या गुरुजी. मँगनीज निंघालं असतं तं सरकारचं. गोटा निंघाला, तो तुमचा." दगडाच्या मालकी हक्कावर मी याहून सोपं व्याख्यान ऐकलेलं नाही. त्या गोट्यांची मी ताल रचली. तालुक्यातली सर्वांत वजनदार ताल असावी. पुढच्या झडीत ती जागची हलली नाही. पाणी तिला वळसा घालून गेलं आणि जाताना बाजूची शेवंती मुळासकट घेऊन गेलं.

शेवंतीला रात्री मोजता येतात. रात्र लांबत चालली की तिला कळी धरते. रात्री उजेड पडला की ती समजते अजून दिवस मोठाच आहे आणि नुसती पानं काढत बसते. माझ्या ओट्यावर सापाच्या भीतीने रात्रभर बल्ब जळतो. सापांना तो आवडत असावा, पण शेवंतीने कळी धरायचं नाव घेतलं नाही. वाहून गेलेला गड्डा मात्र काकाजींच्या धुऱ्यात रुजला. काकाजी आठ वाजता दिवा मालवून झोपतात. मार्गशीर्षात तिथे पिवळ्या शेवंतीचा गालिचा आणि माझ्याकडे हिरवागार पाला. गुरुवारच्या लक्ष्मीपूजेसाठी सौभाग्यवती फुलं आणायला खाली गेल्या. आमच्याच शेवंतीची फुलं! येताना काकूंनी त्यांच्या हातात वर लाखोळीची भाजीही ठेवली. आता आम्ही मिंधे आहोत.

इथवर वाचून कुणाला वाटेल की उतारावर सगळं खालीच जातं. तसं नाही. वरूनही येतं. माझ्या कुंपणाच्या वरच्या बाजूला जंगल आहे, आणि जंगलाच्या दृष्टीने मी खालचा काकाजी आहे.

वरून पहिले येतात वानेर. त्यांना जास्वंद फार आवडते. कळीपेक्षा उमललेली, आणि उमललेल्यांत लाल. गणपतीला लाल जास्वंद वाहावी हे शास्त्र त्यांनाही ठाऊक असावं, फक्त मधला देव त्यांनी गाळला आहे. रानडुकरं रात्री येतात आणि लिलीचे कंद उकरतात. वरून पळसाच्या चपट्या शेंगा वाऱ्यावर आल्या आणि माझ्या पायऱ्यांमध्ये न विचारता उगवल्या. मी काही उपटल्या, काही राहिल्या. राहिलेल्या आता पोळ्याला उपयोगी पडतात; दाराशी ठेवायला डहाळ्या तोडून न्यायला गाव येतं. फाल्गुनात हे पळस असे पेटतात की खालच्या रस्त्यावरून जाणारे मान वर करून पाहतात. माझ्या बागेकडे मान वर करून पाहण्याचा वर्षातला हा एवढाच काळ, आणि त्यात माझा हात नाही.

मग चैत्र येतो आणि मोह गळायला लागतो.

मोहाचं झाड कुंपणाच्या पलीकडे, वरच्या अंगाला. खोड जंगलात, अर्धा पसारा माझ्या वरच्या पायरीवर. पानं झडून गेलेली, फांद्यांच्या टोकांना घोस, आणि रात्र सरता सरता टप्... टप्... मऊ, पांढुरकी, गोड, मांसल फुलं. सकाळी पायरी झाकलेली असते. मी आनंदाने कोलमडायचा बाकी होतो. शेवटी एक तरी फूल असं, जे वरून येऊन माझ्याकडे थांबतं! मी झाडू आणला, टोपली आणली.

तर तिथे एक आजी बसलेली. वरच्या टोलीवरची. टोपली अर्धी भरलेली. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "बाबू, हे कायले खोदून ठेवलास? फूल फटीत जाते." बोट माझ्या पायऱ्यांकडे. तिचा मोह, तिच्या सासूचा मोह, सासूच्या सासूचा मोह. इकडे मोहाची झाडं घराण्यांत वाटलेली असतात. कोणतं कुणी वेचायचं हे पिढ्यांपासून ठरलेलं, आणि गौण वनोपजावरचा हा हक्क २००६ च्या वनहक्क कायद्यानेही मानला आहे. मी तिला काकाजींचा सिद्धान्त सांगितला : वरचं खाली आलं की ते खालच्याचं. तिने ऐकून घेतलं. वेचणं न थांबवता म्हणाली, "मंग हेच अस्वलाले सांगजो. थो रातीले येते."

मी हक्क सोडला. तसाही तो बाळगणं अवघडच होतं. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने मोहफुलांवर निर्बंध घातले होते, ते राज्य सरकारने २०२१ मध्ये उठवले. पण कायदा बदलला म्हणून वास बदलत नाही. चैत्रात आमच्या घराला, पडद्यांना, माझ्या सदऱ्याला एक आंबूस-गोड दरवळ असतो. त्याच दिवसांत शाळेतले जुने विद्यार्थी पाया पडायला येतात. वाकतात, थबकतात आणि उठताना माझ्याकडे वेगळ्याच आदराने पाहतात. एकाने तर जाताना हळूच विचारलं, "सर, इथे चांगली कुठे मिळते?"

आजी आता दर चैत्रात येते. मोहाखालचा पाला जाळून जागा साफ करायची तिची पद्धत मी मोठ्या मुश्किलीने थांबवली, कारण पाल्याबरोबर माझा मोगराही साफ झाला असता. त्या बदल्यात वरची पायरी मी तिच्यासाठी झाडून ठेवतो. म्हणजे आमच्याकडे सकाळी साडेपाचला निवृत्त भूगोलशिक्षक पायरी झाडतो आणि आजी येऊन बोटाने दाखवते, तिकडे राहिलं.

उन्हाळ्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. नवतपा लागला की पारा पंचेचाळिसावर जातो आणि घरात पाण्याचे दोनच दावेदार उरतात, कूलर आणि मोगरा. कूलरच्या बाजूने सौभाग्यवती आहेत, मोगऱ्याच्या बाजूने मी. मोगरा तरीही फुलतो. त्याचा वास जड असावा, कारण रात्री तोही खालीच जातो, काकाजी अंगणात बाज टाकून झोपतात आणि सकाळी सांगतात, "रातच्याले बेस वास सुटला होता." मे महिन्यात नेमाने फुलणारी ती लाल फुटबॉल लिली रानडुकरांनी उकरली होती, तिचे कंद कुठे गेले आणि कुठे फुलले हे मी आता सांगत बसत नाही.

यंदा मृगाच्या आदल्या संध्याकाळी काकाजी वर आले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच. उतार चढायची सवय नसल्याने प्रत्येक पायरीवर थांबत, तालीचे दगड हाताने चाचपत आले. ओट्यावर टेकले, पाणी प्यायले. मी मनात तयारी केली. आभार मानायला आले असतील तर "छे, छे, त्यात काय" म्हणायचं, असं ठरवूनही टाकलं.

"गुरुजी, एक गोष्ट होती."

"बोला ना काकाजी."

"फूलं आता झाले. लय झाले. धुऱ्यावर पाय ठेवाले जागा नाई. तुरीले तरास होते." त्यांनी बंडीच्या खिशातून कागदाच्या दोन पुड्या काढून ओट्यावर ठेवल्या. "औंदा तुमी वर सांबार टाका." सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. "आन ह्या दुसऱ्या पुडीत वांगे हायेत. भरताचे."

मी पुड्यांकडे पाहिलं, माझ्या पायऱ्यांकडे पाहिलं, वहीतल्या गुलाबी भाद्रपदाची आठवण काढली. काहीतरी ठाम बोलायला तोंड उघडलं तोवर सौभाग्यवतींनी पुड्या उचलल्याही होत्या.

"वांग्यात अंतर किती ठेवायचं, काकाजी?" त्यांनी विचारलं.

"अंतर तुमी नोका पाहू, बाई," काकाजी उठत म्हणाले. "तुमी वरून सोडा. ओळीत लावाचं काम खाली मी करतो."